भेटीचे कारण

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र वहिनीच्या हाती, डब्यासंगं देऊन राह्यली. वाच न् फाडून टाक. नऊ वर्सांत तुले एक ओळ लिवली नाई मी, न् आता लिहिते तं ठाण्यात बसवलेल्या माणसाले! घाईत लिहिते, अक्षर समजून घे.

पोलिसांनी तुले काय सांगतलं मले माहीत नाई, म्हणून माह्याकडून ऐक. काल गुरुवारी दुपारच्या सुट्टीत माह्या चिंचझरीच्या शाळेतली सलोनी नावाची पोट्टी कोणीतरी घेऊन गेलं. चौथीत आहे. नऊ वर्सांची. सुट्टीनंतर ती वर्गात दिसली नाई तवा मले वाटलं, पोट दुखलं असन, घरी गेली असन. चार वाजता तिची आई घ्यायले आली न् म्हणे, 'मॅडम, सलोनी कुठी आहे?' दादा, मी वर्गात पळत गेली. दप्तर वर्गातच, चपला बी वर्गाच्या दाराशी, न् पोट्टी नाई.

पाच वाजता पोलीस आले. पहिलं काय मागतलं? वही. शाळेत कोण येते, कोणाचं कोण लागते, कायले येते, किती वाजता आलं न् किती वाजता गेलं, हे बंदं लिहायची वही ठेवा असा वरून आदेश आहे. अभ्यागत नोंदवही म्हणतेत तिले. त्या वहीत कालच्या तारखेले एकच नाव आहे. तुहं. धरमसिंग राठोड, दिग्रस. नाते: भाऊ. भेटीचे कारण: बहिणीस भेटणे. येण्याची वेळ एक वाजून दहा मिनिटं, जाण्याची वेळ दीड. न् पोट्टी गेली तीबी त्याच टायमाले.

ते तिथं कसं आलं ते मी समोर बसून सांगीन. लिहिण्यात जराशी गडबड झाली, एवढंच धर.

आता माहं ऐक, रागावू नको. तू त्यायले सांगून राह्यला की मी त्या गावात पाय ठेवला नाई, दुपारी घरी झोपलो होतो, माही रातपाळी होती. खरं आहे ते. पण साक्षीले फक्त वहिनी, न् बायकोची साक्ष कोण धरते? वही म्हणते आला, तू म्हणते नाई आलो, म्हणून संशय वाढून राह्यला. तू नुसतं हो म्हण. म्हण, बहिणीले भेटाले आलतो, वीस मिनिटं बसलो, च्या पेला न् एसटीनं गेलो. मीबी तेच सांगीन. भाऊ बहिणीले भेटला यात कोणता गुन्हा आहे? दोघायचं एक निघालं की सोडतीन तुले, न् ते खऱ्या माणसाच्या मागं लागतीन.

डब्यात पिठलं आहे. वहिनीनं केलं नाई, मी केलं.

अपेक्षा


शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा,

डबा परत आला. पिठल्याले हात लागला नव्हता न् वर माहंच पत्र होतं, चार घड्या घातलेलं, तेल लागलेलं. वहिनी दारात उभी राह्यली. आत ये म्हणलं, नाई आली. म्हणे, 'त्यायनं सांगतलं, तिले सांग, मी तिच्या शाळेच्या गेटातून आजलोक आत गेलो नाई. न् खोटं बोलून तं जाणारच नाई.'

मंग तिनं मोबाईल माह्या तोंडासमोर धरला. तुहा फोटो. तू काम करते त्या कापसाच्या जिनाच्या दारात, पोलिसाच्या जीपमंधी चढतानाचा, केसायवर कापूस तसाच. खाली लिवलेलं, 'लेकरं पळवणारा. ओळखून ठेवा. पुढे पाठवा.' माय वं! चिंचझरीच्याच ग्रुपवर फिरून राह्यलता तो. त्या ग्रुपमंधी मी आहे दादा, शाळेच्या सूचना मीच टाकते. वहिनीनं मोबाईल पिशवीत टाकला न् गेली.

एक वाजता ठाण्यात जाऊन बंदं सांगून आली. तुले कोठडीच्या तिकडच्या अंगाले बसवलं होतं, म्हणून तुले ऐकू गेलं नसन. आता तुले सांगते, जसं जमादाराले सांगतलं तसं. काल 'जराशी गडबड' लिवलं ना मी? आग लागो त्या शब्दाले.

शुक्रवारी शाळेची तपासणी होती. सुरक्षेची. वही आहे का, तक्रारपेटी आहे का, गेट आहे का. वही जूनमंधीच भेटली होती, कोरीच पडली होती. आमची दोन मास्तरांची शाळा, मी न् रिजवान सर. ते मले कितीदा म्हणले, 'मॅडम, गेट तारेनं बांधलेलं आहे, आधी त्याले कडी लावा. वही काय, नंतर भरता येते.' मी म्हणली, तपासणीवाले गेट हालवून पाहत नाई, वही उघडून पाहतेत. म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर वही घेऊन बसली. चार महिन्यांची वही एका बैठकीत! निळा पेन, काळा पेन, कधी उजवा हात, कधी डावा. आपल्याकडे कोणत्या शाळेत हे होत नाई सांग? मले तं त्यात काई वावगं वाटलंच नाई.

शाळेत येते तरी कोण? शाळा समितीचे अध्यक्ष बबनराव, गॅसवाला, नर्सबाई, दोन-चार बाया. नावं संपली. पानं मंग तशीच दिसून राह्यली, एकाच माणसायची. तवा हातानं तुहं नाव लिवलं. मुद्दाम नाई दादा. लिवलं न् पाहत बसली. नाते: भाऊ. कारण: बहिणीस भेटणे. बरं वाटलं मले. म्हणून आणखी लिवलं. जुलैत एकदा, राखीच्या हप्त्यात एकदा, पोळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी. दर खेपेले वीस मिनिटं दिली तुले. तुही सही डाव्या हातानं केली. न् गुरुवारी सजावटीत वेळ भेटणार नाई म्हणून गुरुवारचा पाहुणा बुधवारीच लिहून ठेवला. तोबी तूच.

गुरुवारी जवा कोणीतरी खरोखर गेटातून आलं, तवा मी ऑफिसमंधी दार लोटून तक्रारपेटीले रंगीत कागद चिकटवून राह्यली होती. रिजवान सर प्रशिक्षणाले गेलते. खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाईनं त्या माणसाले पाह्यलं. तो म्हणे, मी सलोनीचा मामा, तिची आई पडली, दवाखान्यात नेली. तुले ठाऊक आहे आपल्याकडचं. जेवणाच्या टायमाले दारात आलेल्या माणसाले नाव इचारत नाई कोणी, आधी ताट देतेत. इंदूबाईनं ताट दिलं. तो सलोनीले जवळ बसवून खिचडी जेवला, हात धुतला, न् तिले घेऊन गेला. बंद्या लेकरायसमोर!

पोलिसांनी इंदूबाईले तुहा फोटो दाखवला, तं ती म्हणे, 'डोक्यावर दुपट्टा होता जी, तोंड कोण पाह्यते, मी ताट पाह्यलं.' ती म्हणे मामा होता. जमादार म्हणे, मॅडमचा भाऊ म्हणजे लेकरांचा मामाच की. झालं. सलोनीची आई तं पहिल्या मिनिटापासून ओरडून राह्यली होती की हे हिच्या बापाचंच काम आहे. तो तिच्यापासून वेगळा राह्यते, दुसरं घर केलं त्यानं, ऊसतोडीले जाते, पोट्टीले न्यायचं म्हणत होता. तिनं मलेबी सांगतलं होतं शाळा उघडली तवाच, 'मॅडम, इले कोणाजवळ देऊ नका.' मी म्हणलं, काळजी करू नका. जमादारानं तिले म्हणलं, 'बाई, त्याचा भाऊबंद सांगतो की तो महिनाभरापासून ऊसतोडीला बाहेर आहे. वहीत नाव आहे, वहीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे का?'

न् मंग माह्याकडे वळून, 'मॅडम, ही नोंद तुमच्यासमोर झाली ना?'

मी हो म्हणली.

हे आहे दादा. हे कालच्या पत्रात नव्हतं. कोणी दम दिला नाई, कोणी धमकावलं नाई. सलोनीची आई माह्या पदराले धरून उभी होती, न् मले तवा कोणाची भीती वाटली? तपासणीची. वही खोटी निघन, नोकरी जाईन, याची. एक शब्द बोलली न् तुले दिग्रसहून उचलून आणलं.

आज मी जबाब लिहून दिला. जमादारानं वाचला, पेन टेबलावर ठेवला न् म्हणे, 'दोन दिवस, मॅडम. दोन दिवस आम्ही दिग्रसच्या रस्त्यानं विचारत फिरलो.' ओरडला असता तं बरं झालं असतं. आता ते बापाच्या मागं गेलेत. तुले आज सोडतो म्हणले. मी बाहेर लिंबाखाली थांबली होती. तू निघाला, वहिनीच्या खांद्याले धरून, लंगडत. माह्याकडे पाह्यलं नाई. बरंच केलं.

पोट्टी अजून भेटली नाई.

अपेक्षा


मंगळवार, २५ नोव्हेंबर

दादा,

भेटली! सलोनी भेटली. सोमवारी पहाटे. जिल्ह्याच्या पार बाहेर, ऊसतोडीवाल्यांच्या पालावर. बापाच्या चुलतभावानं नेली होती. कायले, तं बापाच्या दुसऱ्या बायकोचं तान्हं सांभाळाले. पोलीस गेले तवा ती झोका हालवत बसली होती. अंगात ताप, हातायवर उसाच्या पात्याचे चिरे. आईले पाहून रडली बी नाई, असं आई सांगते. म्हणे, 'हा झोपला की येतो मी.'

गुरुवारी रात्री ते दोघं पुसदच्या बस स्टँडवर नऊ वाजेपर्यंत ट्रकची वाट पाहत बसले होते. हे जमादारानं सांगतलं. पोलीस पाच वाजता शाळेत आलते दादा. आईचं ऐकलं असतं, माही वही पाह्यली नसती, तं त्या रात्री पोट्टी तिच्या घरी झोपली असती. चार दिवस. मी मोजून राह्यली नाई म्हणते न् मोजतच बसते.

न् आणखी एक. मी हे कोणाले सांगू शकली नाई अजून. सलोनीच्या आईनं तिले इचारलं, तू त्याच्यासंगं गेली काहून? ओरडली काहून नाई? ती म्हणे, 'तो म्हणे मॅडमले इचारलं, मॅडम हो म्हणल्या.'

तो माणूस खोटं बोलला, मी ऑफिसात होती, मले कोणी इचारलंच नाई. पण तिले ते खरं वाटलं ना! मॅडमले इचारलं म्हणजे बरोबर असन. इतका भरोसा ठेवला तिनं माह्यावर, न् मी दार लोटून पेटीले चमकी चिकटवत होती.

पेटीचंबी ऐक. तक्रारपेटी. लेकरांनी मनातलं लिहून टाकायची, दर हप्त्याले उघडायची असा नेम. ती ऑगस्टमंधी भिंतीवर ठोकली न् तिची किल्ली हरपली. मी म्हणलं, कोण काय टाकणार आहे? काल रिजवान सरांनी दगडानं कुलूप तोडलं. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. सोनू चिमटे घेते. खिचडीत मीठ लय होते. संडासाले पाणी नाई. रिजवान सर एकेक वाचून राह्यले होते, हसत होते जरासे. मंग थांबले. चिठ्ठी माह्या हाती दिली न् बाहेर गेले. पेन्सिलनं लिवलेलं, वहीच्या फाटलेल्या कागदावर:

'मॅडम एक काका गेटपाशी उभा रायते. मले बाबाचं नाव सांगते. चाल म्हणते. मले भेव लागते. सलोनी. ११ नोव्हेंबर.'

नऊ दिवस आधीची! मीच शिकवलं होतं चौथीले, चिठ्ठीवर तारीख टाकावी म्हणून. तिनं टाकली. तिनं बंदं बरोबर केलं दादा. जसं सांगतलं तसं. ज्या पेटीले मी कागद चिकटवून राह्यली होती, त्या पेटीत ही होती, माह्या हाताच्या चार बोटं आत.

मी रात्रभर बसली. न् मले राहून राहून केळापूरकडची माही पहिली शाळा आठवली. तूबी तेच आठवत असशीन. नऊ वर्सं झाली, आपण त्यावर बोललो नाई. याडी, आपली माय, गेली तवाबी तू माह्याशी बोलला नाई, न् मी सगळ्यायले सांगत राह्यली की दादाचा स्वभावच तसा आहे. स्वभाव कायचा? आज मी लिहिते.

तू रातपाळी करून, न झोपता, तीन एसट्या बदलून आलता. याडीनं ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या होत्या, पिशवीभर. केसायवर, भुवयांवर कापूस. मले नोकरी लागून दोनच महिने झाले होते न् तिथं त्या दिवशी साहेब बसले होते. त्यायनं खिडकीतून पाह्यलं, म्हणे, 'मॅडम, कोण आहे ते गेटवर?' न् मी म्हणली, 'गावाकडचा माणूस आहे, सर.' तुले बाहेरच थांब म्हणून हातानं खूण केली. तू आठवीत शाळा सोडून जिनात लागला ते मी डीएड करावं म्हणून. न् मी तुले गावाकडचा माणूस म्हणली! तुले ऐकू गेलं. पिशवी तू गेटाले टांगली न् गेला. साहेब गेल्यावर मी पळत रस्त्यालोक आलती, हे तुले ठाऊक नाई. पण एसटी गेलती.

म्हणून त्या वहीत तुले आत घेत राह्यली मी. पाच खेपा. तू बाहेर थांबला होता ना.

फोटोचं सांगते. मी गावच्या ग्रुपवर लिवलं की हा माहा सख्खा भाऊ आहे, निर्दोष आहे, वहीतली नोंद खोटी होती न् ती मी केली, हेबी पुढे पाठवा. तुहा फोटो किती गावांत गेला देव जाणे. माहं लिवलेलं आमच्याच गावात दोघातिघायनं पाठवलं. मी मंग घरोघर जाऊन सांगून राह्यली. दिग्रसलेबी येऊ का? जिनात येऊन सगळ्यायसमोर सांगते. तू म्हणशीन तवा.

अपेक्षा


मंगळवार, ९ डिसेंबर

दादा,

तुहं उत्तर नाई. मी वाट पाहत नाई, असं लिवलं तं तेबी खोटं होईन, म्हणून लिहीत नाई.

मले नोटीस आली. कारणे दाखवा म्हणे. मी एका पानात लिहून दिलं की कारण काई नाई, मी खोटं लिवलं, माहा भाऊ त्यानं दोन दिवस डांबला गेला न् लेकरू चार दिवस हरपलं. आमच्यातल्या दोघी मास्तरणींनी फोन केला, 'वेडी आहे काय वं तू? कामाचा ताण होता असं लिव.' मी फोन ठेवून देला.

शाळेचं सांगू? वही भरायची तवा गावातलं कोणी येत नव्हतं, आता बंदं गाव येते. पालकसभेत बाया मले लय बोलल्या. रिजवान सरांनी मंग फळ्यावर एकच इचारलं: तुमच्या लेकराले शाळेतून न्यायले कोणती दोन माणसं येऊ शकतेत? दोनच. प्रत्येक घरानं दोन नावं देली, फोटो देले. कोणाचा आधार कार्डावरचा, कोणाचा लग्नातला कापून. ते एका वहीत चिकटवले. तिसरं कोणी आलं तं आईले फोन. फोन लागला नाई तं लेकरू जात नाई, मंग तो सख्खा मामा असो का कोणी. गेटाची तार काढली, लोखंडी कडी लावली. त्याले काई अर्धा दिवसबी लागला नाई दादा. अर्धा दिवस! पेटीची किल्ली आता सलोनीच्या आईजवळ आहे. दर शनिवारी ती येते, उघडते, न् सगळ्यायसमोर वाचते.

आदेशात हे बंदं होतंच. मी वाचलंबी होतं, खाली सही करून.

न् इंदूबाई! तिचं काय सांगू. तिनं स्वतःले इतकं लावून घेतलं की दोन दिवस चूल पेटवली नाई. आता जेवणाच्या टायमाले गेटाजवळच पातेलं मांडते. परवा बबनराव आले, समितीचे अध्यक्ष, गावात त्यायले कोणी अडवत नाई. इंदूबाई म्हणे, 'लिवा जी आधी.' ते तापले, 'मले वळखत नाई काय वं? वीस वर्सांपासून पाह्यते मले!' इंदूबाई म्हणे, 'वळखतो जी. त्यालेबी वळखलंच होतं मी, मामा म्हणून. आधी नाव, मंग ताट.' बबनराव पाय आपटत गेले, सरपंचाले सांगतो म्हणले. अर्ध्या रस्त्यातून परत आले न् लिवलं.

सलोनी शाळेत येते. पहिले आठ दिवस दारापाशी बसे, खिचडीले हात लावत नव्हती. आता जेवणाच्या सुट्टीत इंदूबाईजवळ गेटावर बसते. इंदूबाईले वाचता येत नाई, ही वाचून दाखवते. कोणी आलं की इचारते, 'नाव काय? कोणाचे कोण?' उत्तर भेटेपर्यंत डोळे हालवत नाई. लेकरानं असं पाहावं काय दादा? मले ते पाहवत नाई. पण तिले उठ म्हणायची माही हिंमत होत नाई.

माह्याशी ती 'हो मॅडम', 'नाई मॅडम' एवढंच बोलते. पूर्वी माह्या टेबलाजवळून हालत नव्हती.

अपेक्षा


मंगळवार, ६ जानेवारी २०२६

दादा,

काल मी यवतमाळले होती, चौकशीत. सकाळी नऊपासून बाकड्यावर बसवलं, चार वाजता आत बोलावलं. मोबाईल बंद करून ठेवला होता. संध्याकाळी एसटीत चालू केला तं रिजवान सरांचे अकरा फोन. म्हणलं, देवा, आता कोणतं लेकरू?

फोन लावला तं ते म्हणे, 'मॅडम, घाबरू नका. तुमचे बंधू येऊन गेले.'

मी एसटीतच मोठ्यानं म्हणली, 'कोण?' शेजारची बाई दचकली.

आज शाळेत गेली न् एकेकाले दहा दहा वेळा इचारलं. इंदूबाई सांगते, जेवणाची सुट्टी झालती, एक माणूस गेटाच्या बाहेर उभा. आत येते ना जाते. जरासा लंगडते. तिनं तुले वळखलं दादा, त्या फोटोवरून. तरी म्हणली, 'लिवा जी आधी.' तू म्हणला, 'माहं नाव तं तुमच्या वहीत आहेच, बाई. पाच खेपा.' न् तसाच उभा राह्यला.

मंग सलोनी उठली. तिनं कडी काढली नाई, गजाआडूनच इचारलं, 'नाव काय? कोणाचे कोण?'

तू तिच्याकडे लय वेळ पाह्यलं म्हणे. ही तीच पोट्टी, हे तुले कोणी सांगतलं नव्हतं, पण समजलं असन. तू खाली बसला, तिच्या तोंडाएवढा झाला, न् म्हणला, 'धरमसिंग. मॅडमचा भाऊ.'

दादा, इतक्या लोकायसमोर. बबनरावबी होते तिथं.

तिनं वही गजातून बाहेर देली. तू लिवलं. तिनं वाचलं, बोट ठेवून एकेक रकाना, न् मंग कडी काढली. इंदूबाईनं ताट देलं. तू लेकरायच्या पंगतीत बसून जेवला, दुसऱ्यांदा खिचडी मागतली. मॅडमची खुर्ची कोणती ते इचारलं, ऑफिसच्या दारातून पाह्यली, बसला नाई. सर म्हणले थांबा, मॅडम संध्याकाळी येतीन. तू म्हणला, रातपाळी आहे.

मी वही उघडली. भीतभीत उघडली, खरं सांगते. नवी वही आहे, जुनी पोलिसाजवळ. तुहं अक्षर मी वळखलं नाई पटकन. जुन्या वहीतली तुही सही मी किती सुरेख केली होती! ही तं कशी वाकडी, रकान्याच्या बाहेर गेलेली. धरमसिंग राठोड, दिग्रस. नाते: भाऊ. येण्याची वेळ: १.१०. न् भेटीचे कारण, तिथं तू लिवलं: 'पहिल्यांदाच आलो.'

मी तिथंच वहीवर डोकं ठेवलं न् रडली. लेकरं पाहत होती, पाहू दे. सलोनी जवळ आली, वही माह्या डोक्याखालून ओढली न् म्हणे, 'मॅडम, भिजून राह्यली.' दीड महिन्यानं ती स्वतःहून माह्याशी काई बोलली.

आदेश आजच आला. निलंबन. सोमवारपासून मी चिंचझरीत नाई, पंचायत समितीत जाऊन हजेरी लावायची, चौकशी पुरी होईपर्यंत. योग्य केलं त्यायनं. चाव्या, फायली बंदं रिजवान सरांच्या हवाली केलं. वही देताना ते म्हणले, 'मॅडम, कालच्या नोंदीत एक रकाना राह्यला. जाण्याची वेळ. गडबडीत बंधूंनी लिवली नाई. दोनच्या सुमारास गेले, टाकू का?'

चार महिन्यांचे रकाने एका संध्याकाळी भरले मी दादा. एक कोरा ठेवला नव्हता.

मी त्यायले म्हणलं, राहू द्या. तो ज्याचा त्यानं भरावा.

अपेक्षा